हेवी संगीताच्या रेकॉर्डिंगसाठी गिटारची कॅब: स्पीकर कुठला, खोका कसा?

गोदाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आमचा नाशिकचा चौघांचा बँड आहे. डेथ मेटल, मधूनमधून डूमकडे (संथ, जड मेटलकडे) झुकणारं. सात तारांच्या गिटारी, ट्यूनिंग ड्रॉप ए (सगळ्यात जाड तार ए सुरापर्यंत उतरवलेली). पावसाळा सरला की ४ गाणी रेकॉर्ड करायची आहेत. ड्रम्स पुण्यात स्टुडिओत होतील. गिटार आणि बास मात्र इथेच, ड्रमरच्या घरच्या जुन्या गोदामात. गोदाम गावाबाहेर मळ्याला लागून आहे, त्यामुळे आवाजाची तक्रार करायला जवळपास कुणी नाही.

हेड (अॅम्प्लिफायर) आहे पीव्ही ६५०५, १२० वॅटचं. कॅब (स्पीकर बसवलेला खोका) नाही. जॅमपॅडवर (सरावाच्या जागी) जी वापरतो ती पार्टिकल बोर्डची आहे आणि आत कुठले स्पीकर बसवलेत ते तिथे कुणालाच सांगता येत नाही. खोलीत ती दणदणीत वाजते, पण माइक लावला की सगळं घोंगावतं. पाम म्यूटचा (तळहाताने तारा दाबून वाजवलेला) ठोका कुठे सुरू झाला आणि कुठे संपला, कळत नाही.

समोर चार वाटा आहेत. मुंबईत एक वापरलेली मार्शल १९६०ए मिळते आहे, आत जी१२टी-७५ चे चार स्पीकर. नाहीतर दोन बारा इंची स्पीकरची नवी कॅब, व्हिंटेज ३० वाली. नाहीतर स्पीकर विकत घेऊन खोका इथल्या सुताराकडून करवून घ्यायचा. आणि शेवटची वाट म्हणजे कॅब न घेता आयआर (कॅब आणि माइकच्या आवाजाची संगणकातली नोंद) वापरायचे. पैसे एकदाच घालता येतील, म्हणून आधी विचारतोय. ज्यांनी खरोखर माइक लावून रेकॉर्ड केलंय त्यांनी सविस्तर लिहा.

---

मृण्मयी_जी

गोदाकाठ, रेकॉर्डिंगसाठी कॅब घेताना आधी स्पीकर ठरवा, मग खोका, आणि दोन की चार हे सगळ्यात शेवटी. माइक एका कोनपासून (स्पीकरच्या कागदी शंकूपासून) दोन बोटांवर उभा असतो. त्याला ऐकू येतो तो मुख्यतः तेवढा एकच कोन. बाकीचे तीन खोक्यातली हवा हलवतात आणि खोलीत उभ्या असलेल्या माणसाच्या छातीवर धडकतात. छातीवरची ती धडक टेपवर येत नाही.

व्हिंटेज ३० सेलेशनने १९८६ मध्ये बाजारात आणला. ६० वॅटचा. साधारण २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात त्याचा आवाज चांगलाच उठून येतो. एकट्याने ऐकला तर टोचतो, आणि बरेच जण दुकानात तेवढंच ऐकून नको म्हणतात. पण वर झांजा, खाली डबल बास ड्रम, शेजारी बास गिटार अशी गर्दी झाली की नेमका तोच उठाव गिटारला जागा करून देतो. मेसा बूगीच्या रेक्टिफायर कॅबमध्ये हाच आहे, ऑरेंजच्या पीपीसी४१२ मध्येही हाच. गेल्या तीसेक वर्षांत हेवी रेकॉर्डिंग ऐकून आपला कान याच आवाजावर घडलाय, हेही विसरू नका.

जी१२टी-७५ वेगळ्या स्वभावाचा. मधला पट्टा दबलेला, तळ भरीव, वर थोडी चरचर. रिहर्सलला मजा येते. अडचण अशी की ६५०५ वर बहुतेक जण मिड्स (मधले सूर) आधीच खाली ओढून ठेवतात, त्यात हा स्पीकर आणखी मिड्स काढून घेतो आणि मिक्समध्ये गिटार झांजांच्या मागे विरून जाते. घेतलाच तर मिड्सचा खटका अर्ध्याच्या बराच वर न्या. मग चांगला बोलतो. त्याला वाईट म्हणणाऱ्यांतली मी नाही.

ग्रीनबॅक, म्हणजे जी१२एम, मला स्वतःला फार प्रिय. डूमचे लांब सोडलेले कॉर्ड्स त्यावर जसे फुलतात तसे दुसऱ्या कशावर नाही. पण तो २५ वॅटचा. दोन लावले तर ५०, चार लावले तर १००. तुमचं हेड १२० चं. शिवाय त्याचा तळ सैल आहे, ड्रॉप ए मधले वेगवान पाम म्यूट एकमेकांत मिसळतात.

माझं मत: पाठ बंद असलेली दोन बारा इंची, दोन्ही व्हिंटेज ३०. पाठ उघडी असलेल्या कॅबच्या वाट्याला जाऊच नका. खालचे सूर मागून निसटतात आणि ठोक्याला जी घट्ट किनार लागते ती राहत नाही.

---

दहाव्या_मजल्यावरून

मी ठाण्यात फ्लॅटमध्ये राहतो, त्यामुळे माझी सगळी मदार आयआरवर आहे. कॅब घेण्याआधी हा मार्ग नीट समजून घ्या. आयआर म्हणजे अमुक स्पीकर, अमुक माइक, अमुक जागा, या साखळीने आवाजाला जो आकार दिला त्याची नोंद. एका छोट्या ध्वनिफितीत मावते. सेलेशन स्वतःच त्यांच्या स्पीकरचे आयआर विकते. न्यूरल अँप मॉडेलर हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात आयआर लावून आज रात्री तुम्ही व्हिंटेज ३० आणि जी१२टी-७५ ची तुलना तुमच्याच रिफवर करू शकता. फारसे पैसे न घालता अर्धा प्रश्न सुटेल.

स्पीकर जोरात वाजवला की तो स्वतः थोडा दबतो, कोन वळतो, हे आयआरमध्ये येत नाही. त्यात येतो तो फक्त आकार, ताण येत नाही. ब्लूज वाजवणाऱ्याला तो फरक बोटांत जाणवेल. तुमच्या गेनवर (डिस्टॉर्शनच्या मात्रेवर) सिग्नल हेडमध्येच इतका दाबला गेलेला असतो की स्पीकरच्या वाट्याला फारसं काही उरत नाही. मी तरी डोळे मिटून ओळखू शकणार नाही.

एकच महत्त्वाचं. ६५०५ हे ट्यूबचं हेड आहे. स्पीकर न जोडता ते चालवायचं नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. आयआर वापरायचे असतील तर स्पीकरऐवजी हेडला जोडायचा लोड बॉक्स लागेल (टू नोट्स कॅप्टर, सूहर रिअॅक्टिव्ह लोड वगैरे), आणि तो किती वॅट झेपतो ते तपासून घ्या, कारण तुमचं हेड मोठं आहे.

---

फळीवाला

तिसऱ्या वाटेबद्दल मी लिहितो, माझा धंदाच प्लायवूडचा आहे आणि गिटारही वाजवतो.

परदेशी चांगल्या कॅब बर्च प्लायच्या असतात. ऑरेंजचा खोका १८ मिमी बर्चचा. बर्चचे थर पातळ, सारखे आणि आत पोकळी नसलेले. आपल्याकडे बर्च आयात होऊन मिळतो, महाग पडतो. त्याच्या जवळ जाणारा पर्याय म्हणजे आयएस ७१० चा मरीन प्लाय, गर्जन कोअरचा. घनता चांगली, वजन जास्त. साधा कमर्शियल प्लाय घेऊ नका. कापल्यावर कडेला पाहा, थरांमध्ये फटी दिसतील. त्या फटीच नंतर बास वाजला की किरकिरतात. पार्टिकल बोर्डचं दुखणं तर तुम्ही सांगितलंतच. तो नादाला धरत नाही आणि स्क्रू दोनदा काढले की भोक मोठं होतं.

सुताराला बोलावून फक्त मापं देऊ नका, हे समजावून सांगा:

पुढची फळी, जिच्यावर स्पीकर बसतात, ती १८ मिमीच्या खाली नको. स्पीकर लाकडी स्क्रूने न कसता मागून टी-नट ठोकून बोल्टने कसा. मागची फळी स्क्रूंनी चहूबाजूंनी घट्ट, आणि तिच्या कडेला फोमची पट्टी, नाहीतर हवा तिथून शिट्टीसारखी निघते. मागच्या आणि पुढच्या फळीच्या मध्ये एक उभा टेकू द्या. मार्शलच्या १९६० मध्येही मधोमध असा टेकू असतो. कोपरे बॉक्स जॉइंटने किंवा निदान आतून पट्टी लावून, फेविकॉल भरपूर, आणि रात्रभर क्लॅम्प. आपले सुतार किचनच्या ट्रॉल्या उत्तम करतात, पण त्यात कुठेच असा दाब नसतो. त्यामुळे 'साहेब, एवढं कशाला' असं म्हणतील. ऐकू नका.

आतून गादीचा कापूस भरायचा सल्ला कुणी दिला तर नको. हाय-फाय स्पीकरच्या दुनियेतली ती गोष्ट आहे, गिटारची कॅब आतून उघडीच ठेवतात.

आणि बारा इंची म्हणून पीएचा स्पीकर बसवू नका, मंडपवाल्याकडे कितीही स्वस्त मिळाला तरी. गिटारचा स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने उतरतो, त्यामुळेच डिस्टॉर्शनची वरची खरखर गाळली जाते. पीएचा स्पीकर स्वच्छ आणि ताठ राहायला बनवलेला असतो. त्यावर ६५०५ म्हणजे पत्र्यावर खिळे.

---

कंपनसंख्या

वरच्या सगळ्याशी सहमत. ओहमचं गणित कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

दोन १६ ओहमचे स्पीकर समांतर जोडले की ८ ओहम. दोन ८ ओहमचे समांतर जोडले तर ४, एकामागे एक जोडले तर १६. तुमच्या हेडच्या पाठीवर ४, ८, १६ अशी निवड आहे, कॅब जे असेल तेच तिथे ठेवायचं. दोन बारासाठी १६ ओहमचे स्पीकर मागवा, ८ ची कॅब होते आणि पुढे कधी चार केले तरी जुने दोन कामाला येतात.

वॅटचं म्हणाल तर दोन व्हिंटेज ३० म्हणजे बरोबर १२०. कागदावर जमतं, पण ट्यूबचं हेड पूर्ण उघडलं तर लिहिलेल्यापेक्षा जास्त देतं. रेकॉर्डिंगला तुम्ही तिथपर्यंत जाणारच नाही. व्हिंटेज ३० ची संवेदनशीलता १०० डेसिबल आहे, म्हणजे एका वॅटला एक मीटरवर १००. जी१२टी-७५ ची ९७. ३ डेसिबलचा फरक म्हणजे तेवढाच आवाज काढायला दुप्पट वॅट. गोदामातसुद्धा व्हिंटेज ३० वर मास्टर (आवाजाचा खटका) ३ च्या पुढे नेववणार नाही.

आणखी एक. तुमची सगळ्यात जाड तार ड्रॉप ए मध्ये ५५ हर्ट्झवर आहे. गिटारचा बारा इंची स्पीकर तिथे मान टाकतो. तुम्हाला गिटारचा जो 'तळ' वाटतो तो ११० आणि १६५ हर्ट्झवरच्या स्वरांशांचा (त्याच सुरासोबत उमटणाऱ्या चढ्या सुरांचा) असतो. ५५ बासवाल्याचं आहे, त्याला देऊन टाका. मोठा खोका घेऊन गिटारमधून तो काढायच्या मागे लागलात तर दोघांचंही बिघडेल.

---

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. बासवाल्याला हा धागा वाचायला दिला, तो खूश आहे.

काल रात्री आयआर लावून पाहिले. दहाव्या_मजल्यावरून म्हणाले ते खरं, आमच्याच रिफवर जी१२टी-७५ एकटा ऐकताना जास्त आवडला आणि ड्रम्स घालताच व्हिंटेज ३० पुढे आला. तरीही खरी कॅब हवीच आहे, गिटारसमोर हवा हलली की वाजवणं बदलतं. फीडबॅक हवा तिथे धरून ठेवता येतो, डूमच्या गाण्यात तो लागणार आहे.

आता नवा पेच. मार्शलवाल्याने किंमत बरीच खाली आणली. ती घेऊन दोन स्पीकर बदलले तर?

---

उत्तरवारा

मी मूळचा सांगलीचा, सध्या गोथेनबर्गला. हे शहर मेलोडिक डेथ मेटलचं माहेरघर, म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही.

बदलाच. चारात दोन व्हिंटेज ३० आणि दोन जी१२टी-७५ तिरके, म्हणजे एक वर डावीकडे तर दुसरा खाली उजवीकडे. हा जुना आणि पारखलेला मेळ आहे. १६ ओहमचे घ्या, कारण मार्शलमधले चारही तसेच असतात. चारी स्पीकरना वॅट सारखे वाटले जातात, १२० भागिले ४ म्हणजे प्रत्येकी ३०, कुणालाच ताण नाही. व्हिंटेज ३० थोडे मोठ्याने वाजतील, पण तुम्ही माइक वेगवेगळे लावणार असल्याने त्याचा त्रास नाही.

आता माइक. इथल्या स्टुडिओ फ्रेडमनच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत तुमच्या संगीतासाठीच जन्मली म्हणा. दोन शूअर एसएम५७. पहिला कोनकडे सरळ, मधल्या टोपीच्या कडेवर रोखलेला. दुसरा त्याच्या अगदी शेजारी, ४५ अंशांत तिरका. दोघांची तोंडं जवळजवळ चिकटलेली. सरळ माइक धार देतो, तिरका वरची खरखर मऊ करून अंग भरतो. फेडर हलवून दोघांचं प्रमाण बदललं की इक्वलायझरला हात न लावता आवाज उजळ किंवा गडद करता येतो.

दोन माइकची अंतरं मात्र काटेकोर जुळवा. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. एक माइक नुसता ३.४ सेंमी मागे राहिला तर ५ किलोहर्ट्झच्या आसपास दोघं एकमेकांना खोडतात, आणि धार तर तिथेच असते. कानाने जुळवायची युक्ती: एका माइकची पोलॅरिटी (सिग्नलची दिशा) उलटी करा, दुसरा केसभर पुढेमागे करत आवाज सगळ्यात पातळ, पोकळ होईल ती जागा शोधा, आणि मग पोलॅरिटी पुन्हा सरळ करा. तिथे दोघं पूर्ण जुळलेले असतात.

अवांतर: स्टॉकहोमचा सनलाइट स्टुडिओवाला करवतीसारखा आवाज हवा असेल तर तो कॅबमध्ये शोधू नका. तो बॉसच्या एचएम-२ पेडलचा, चारही खटके शेवटपर्यंत फिरवून.

---

मृण्मयी_जी

उत्तरवारांच्या पोस्टला +१. मी दोन बारा सुचवली होती, पण किंमत उतरली असेल आणि गोदामात उचलायला चार माणसं असतील तर १९६०ए दोन स्पीकर बदलून घ्या. ही जोडी मला दोन बारापेक्षा जास्त पटली. खोका पक्का बर्चचा आहे, आणि एकाच खोक्यात दोन स्वभाव मिळतात.

माइकची जागा शोधायचं मी कसं करते ते सांगते. जाळीच्या कापडावर अंधारात मोबाइलचा टॉर्च तिरका धरला की आतली कोनची टोपी दिसते. तिची कड कुठे येते तिथे कापडावर मास्किंग टेपची बारीक पट्टी लावायची. मग गिटार बाजूला ठेवून हेडचा गेन वर न्यायचा. नुसती सुस्स अशी सळसळ येते. कानावर बंद हेडफोन घालून माइक हळूहळू टोपीच्या मध्यापासून बाहेर सरकवायचा. मध्यावर सळसळ पातळ आणि तिखट असते, कडेकडे जाताना ती भरत जाते, आणखी बाहेर गेलं की घोगरी होते. तिखटपणा गेला पण घोगरेपणा आला नाही, अशी बोटभर जागा मिळते. तिथे थांबायचं. रिफ वाजवत शोधायला गेलं की आपण वाजवण्यात रमतो, सळसळ मात्र सगळे पट्टे एकाच वेळी दाखवते.

हे चारही स्पीकरवर करा. एकाच नावाचे दोन स्पीकरही सारखे नसतात, एखादा जास्त वाजवून मऊ झालेला असतो. नवे घातलेले दोन सुरुवातीला ताठ वाटतील, आठवडाभर रिहर्सलला वापरा आणि मग रेकॉर्ड करा.

डावी-उजवी बाजू दोन वेगळ्या टेकची (वेगवेगळ्या वेळी वाजवून घेतलेल्या रेकॉर्डिंगची) हवी. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे टाकला तर रुंदी येत नाही. दोनदा वाजवायचं म्हणून गेन थोडा कमी ठेवा. दोन टेक एकत्र आले की डिस्टॉर्शनची भर आपोआप पडते आणि ठोका स्पष्ट राहतो.

---

जुनी_कॅसेट

मुंबईच्या रंगभवनात आय-रॉक हा रॉक महोत्सव बघत वाढलेल्या पिढीतला मी. आम्हाला भाड्याने येईल तीच कॅब. आज पोरं स्पीकर निवडून घेतायत हे वाचून बरं वाटलं.

वापरलेली कॅब घ्यायला जाल तेव्हा मल्टिमीटर न्या. मागचा खटका स्टिरिओवर ठेवा आणि दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजा. ८ ओहमची बाजू मीटरवर साधारण ६ ते ७ दाखवते, ते ठीक. १३ च्या जवळ दिसलं तर त्या बाजूचा एक स्पीकर गेलाय. मग मागची फळी उघडून मागा, नाही म्हणाला तर व्यवहार सोडा. आत बघा: चारही स्पीकरच्या पाठीवरचं लेबल एकच आहे का, कोनवर चीर किंवा फेविक्विकचा डाग आहे का. दोन्ही हातांची बोटं कोनवर सारखी टेकवून हलकेच आत दाबा. घासल्याचा आवाज आला तर कॉइल वाकडी झालेली आहे.

चाकं काढून ठेवा, रेकॉर्डिंगला कॅब चाकांवर थरथरते.

---

गोदाकाठ

शनिवारी दोघं जण मीटर घेऊन मुंबईला जातोय. व्हिंटेज ३० चे दोन, १६ ओहमचे, दुकानात सांगून ठेवले. एक शंका राहिली: गोदामात पत्र्याचं छप्पर आहे आणि टाळी वाजवली तरी घुमतं. त्याचं काय?

---

कंपनसंख्या

दोन बोटांवरच्या माइकला पत्रा फारसा ऐकू जाणार नाही, स्पीकर जवळ आहे आणि खूप मोठा आहे. कॅब कोपऱ्यात किंवा भिंतीला लावून ठेवू नका, तिथे तळ फुगतो. जागेच्या मधोमध पण अगदी मध्यावर नाही, अशी ठेवा. कॅबच्या मागे आणि दोन्ही बाजूंना दोरीवर घोंगड्या टाका, मळ्यात ज्वारीची रिकामी पोती असतील तर तीही चालतील. जमिनीवर ठेवून एकदा आणि विटांवर चढवून एकदा, असे दोन तुकडे रेकॉर्ड करून बासबरोबर ऐका. डेथ मेटलच्या गाण्यांना बहुतेक विटांवरचा आवडेल, डूमच्या गाण्याला जमिनीवरचा.

पत्रा पावसात वाजतो, तेवढं मात्र माइकला ऐकू जाईल. परतीचा पाऊस उलटू द्या.